कोपरा तुटलेली प्लीहा

माझ्याइतकी हिस्टॉलॉजी येणारा माणूस इंद्रायणी आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये त्या काळी दुसरा नव्हता. हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगतो. त्या दोन नद्यांच्या मध्ये तेव्हा डॉक्टरकीला गेलेला माणूसच मुळी मी एकटा होतो, असं काही कुजकट लोक म्हणतात. म्हणोत. त्याच हिस्टॉलॉजीत मी नापास झालो, तेही खरं आहे. आणि का झालो ते ऐकलंत तर तुम्हीही म्हणाल की नापास मी नाही, परीक्षा झाली.

हिस्टॉलॉजी म्हणजे माणसाच्या मांसाची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती काढायची, ती गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवून काचेवर चिकटवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं की हे यकृत, हे मूत्रपिंड, ही प्लीहा. प्लीहा म्हणजे आमच्याकडची पानथरी. परीक्षेत ओळीने मायक्रोस्कोप मांडलेले असतात. घंटा वाजली की एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकायचं, डोळा लावायचा, नाव लिहायचं, पुन्हा घंटा. गंमत अशी की रंगवल्यावर सगळंच गुलाबी-जांभळं दिसतं. पहिले काही महिने मला यकृत, जीभ आणि गर्भाशय हे तिन्ही आमच्या काकूच्या इरकली लुगड्याच्या पदरासारखे दिसत.

पण आमच्या पुण्यातल्या कॉलेजात काचांची एक जुनी लाकडी पेटी होती. साहेबाच्या काळातली. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी हाताळून त्या काचांना खुणा झाल्या होत्या. एका काचेवर तांबड्या शाईचा ठिपका होता, ते थायरॉइड. एकीची कागदाची पट्टी पिवळी पडलेली, ते स्वादुपिंड. एकीचा कोपरा तुटलेला, ती प्लीहा. डोळा दुर्बिणीला लावायचा खरा, पण त्याआधी नजर हळूच खाली काचेवर टाकायची. सगळा वर्ग हेच करी. आधीच्या वर्गांनी हेच केलं होतं आणि आता मोठमोठ्या पाट्या लावून बसलेल्या सर्जनांनीही हेच केलं होतं. या विद्येत माझा हात धरणारा कुणी नव्हता. दहा पावलांवरून, अंधूक उजेडात, पाठमोरा उभा राहून मी काच ओळखत असे.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले ते स्वतःची पेटी घेऊन. नव्या कोऱ्या काचा. ना ठिपका, ना पट्टी, सगळे कोपरे शाबूत. मी पहिल्या यंत्राशी वाकलो, खाली बघितलं, वर बघितलं आणि घाम फुटला. शेवटी सगळीकडे ‘थायरॉइड’ लिहीत गेलो, एकदा तरी बरोबर येईल या हिशोबानं. परीक्षकांनी एकदा बरोबर आल्याचे गुण दिले. सज्जन माणूस.

निकालानंतर आमच्या प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. ते पुण्याचे, पांढराशुभ्र कोट, आणि कुणाचा पाणउतारा करायचा असला की त्याला आवर्जून ‘तुम्ही’ म्हणायचे.

“तुम्ही चाकणकडचे ना?” त्यांनी विचारलं.

“निघोज्याचा, सर.”

“तेच ते. तिकडे कांदे निवडायला माणसं लागतात म्हणे. सगळे कांदे थायरॉइड म्हणून चालतील तुम्हाला.”

खोलीतले दोन सहायक हसले. मग सरांनी गंभीर होऊन सांगितलं की माझं शिक्षण फीमाफीवर आहे, ऑक्टोबरला एक संधी आहे, आणि तेव्हाही नापास झालो तर माफी जाईल. माफी गेली की कॉलेज गेलं. पिंपरीला कारखाने निघतायत, तिथं आत्ताच चौकशी करून ठेवा, असा सल्लाही त्यांनी दिला. मी म्हणालो, “ऑक्टोबरला भेटू, सर.”

माझ्याबरोबर आणखी एक नापास झाला होता. सदाशिव पेठेतल्या एका बड्या डॉक्टरांचे चिरंजीव. तो मला म्हणाला, “अरे, एवढं काय? मी पाच वेळा बसेन.” आणि तो बसलाही असता. त्याच्या वडिलांचा दवाखाना त्याची वाट बघत उभा होता. माझी वाट बघत बैलांची एक जोडी उभी होती.

एसटी भोसरी, मोशी करत नदी ओलांडून चाकणला टेकली आणि मी पायी घरी आलो, तर गावात माझ्या नापास होण्याची कुणाला फुरसतच नव्हती. जत्रा होती. आमच्याकडे जत्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. खालून गाडा सुटतो, वरच्या टोकाला चुन्याची रेघ असते, आणि रेघेशी झेंडी घेऊन एक माणूस उभा असतो. गाडा रेघेला लागला की त्यानं झेंडी खाली टाकायची, की घड्याळवाला वेळ बंद करतो. झेंडी पडली म्हणजे पडली. ती परत उचलता येत नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही.

आमच्या पंचक्रोशीत ती झेंडी माझ्या चुलत्याच्या हातात असे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. अंगानं ज्वारीच्या कणग्याएवढे, आवाज असा की त्यांनी निघोज्यात खाकरलं तर मोशीत म्हशी दूध चोरायच्या. बैलांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही हे ते रोज एकदा तरी सांगत. ते थोडेफार माझ्यावर गेले होते.

त्या वर्षी तात्यांच्या मेव्हण्याची जोडी घाटात होती. शिंगं हिरवी रंगवलेली, मस्तकावर पिवळे गोंडे. मेव्हण्याचा गाडा पहिला येणार म्हणून काकूनं जावांना आदल्या दिवशीच पुरणाचं जेवण सांगून ठेवलं होतं. गाडे सुटू लागले. धुरळा असा की शेजारच्या माणसाची पगडी दिसेना. एक गाडा वर आला, धुरळ्यातून हिरवी शिंगं चमकली, पिवळे गोंडे उडाले, आणि तात्यांच्या अंगात आलं. गाडा रेघेपासून चांगला लांब असतानाच त्यांनी ‘आला रं माझा वाघ’ म्हणून आरोळी ठोकली, आणि झेंडी नुसती टाकली नाही, आभाळात भिरकावली.

घड्याळवाल्यानं वेळ बंद केली. धुरळा बसला. जोडी मोशीच्या पाटलाची होती. त्यांनीही त्या वर्षी शिंगांना हिरवाच रंग दिला होता आणि गोंडेही पिवळेच बांधले होते.

त्या वेळेपुढे कुणाचाच गाडा टिकला नाही. मेव्हण्याचाही नाही. मोशीकरांनी तात्यांनाच खांद्यावर घेऊन नाचवलं, यापरता अपमान नव्हता. पंचांनी झेंडी काढून दुसऱ्याच्या हातात दिली. मेव्हणा न जेवता निघून गेला आणि पुरणाच्या पोळ्या आम्ही तीन दिवस निमूट खाल्ल्या. काकू तात्यांना ताट वाढायची, पण भिंतीकडे तोंड करून.

एका दुपारी गोठ्याच्या पडवीत तात्या आणि मी असे दोघेच उरलो. बाकी घर आमच्यापासून अंतर ठेवून होतं. त्यांनी बैलांपुढे वैरण टाकली. मग म्हणाले, “तू कशानं नापास झालास म्हनं?”

“कोपऱ्यानं, तात्या.” मी त्यांना पेटीची सगळी हकिकत सांगितली.

तात्या खूप हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. “तू कोपऱ्यानं, आन् मी शिंगानं,” ते म्हणाले. “येका घरात दोन आंधळे. आता फुडं काय करायचं?”

“मी परत बसणार.”

“मंग मीबी बसतो,” तात्या म्हणाले. “फुडल्या जत्रंला झेंडी माझ्या हातात न्हाई आली, तर मिशी उतरवीन.”

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचा अभ्यास सुरू झाला. दुपारी बैल पाण्यावर आणले की ते प्रत्येक बैलाच्या तोंडाशिंगांवर गोणपाट टाकायला लावायचे आणि आपण पाठीमागून नुसती खुरं, वशिंड आणि चाल बघून कुणाचा बैल ते ओळखायचे. सुरुवातीला त्यांनी स्वतःचाच बैल शेजाऱ्याचा म्हणून हाकलून दिला. एकदा तर एक म्हैस ओळखायला चुकले, पण तिला गोणपाट जरा जास्तच खाली आलं होतं असा त्यांचा दावा होता. गाव हसायचं. तात्या गावाला शिव्या द्यायचे आणि पुढचा बैल आणायला सांगायचे.

ते गोणपाट बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला.

पुण्याला परत गेलो. नापास मुलांना प्रयोगशाळा शनिवारी दुपारी उघडी मिळे. मी खिडकीजवळचं पितळी यंत्र घेतलं आणि घरून आणलेलं लाल पंच्याचं फडकं डोक्यावरून असं ओढलं की माझं डोकं आणि दुर्बिणीचं वरचं टोक आत, आणि काच, खालचा आरसा, सगळं बाहेर. जुने फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचे तसं. आता काचेची एकही खूण मला दिसणं शक्य नव्हतं. पण पहिल्याच दिवशी कळलं की माझी बोटं लबाड आहेत. काच सरकवताना अंगठा कोपरा चाचपून यायचा आणि पंच्याच्या आत मला कळायचं की ही प्लीहा. म्हणून काचा बसवायचं काम मी त्या सदाशिव पेठी चिरंजीवाला दिलं. त्याला फार मजा वाटे. तो काच लावायचा आणि म्हणायचा, “हं, घाण्याचा बैल, ओढा.”

आत नुसतं गुलाबी आणि जांभळं. पहिले दोन शनिवार मी फडक्यात शिरून काकूचा पदरच बघत होतो. मग मी चिडलो. म्हटलं, पुण्याच्या पुस्तकातले शब्द गेले खड्ड्यात, मला जे दिसतं ते मी म्हणणार. थायरॉइड म्हणजे गुऱ्हाळात काकवीनं काठोकाठ भरून ठेवलेल्या वाट्या. यकृत म्हणजे मधे आड आणि त्याच्याकडे चहूबाजूंनी येणाऱ्या बैलगाड्यांच्या वाटा. प्लीहा म्हणजे तांबड्या चिखलात इथं तिथं, कसलीही रीत न पाळता टाकलेल्या जांभळ्या गोवऱ्या. आणि काखेत, जांघेत ज्या गाठी येतात ती लसिका ग्रंथी म्हणजे आमचं चाकण. कडेला तट, तटाला लागून घरांची दाटी, मधे मोकळं, आणि तटाच्या आतल्या बाजूनं पाण्याचा फिकट पाट फिरलेला. एकदा चाकण दिसलं की पुन्हा ते काकूचा पदर होत नाही. पावसाळा संपेपर्यंत अख्खं शरीर आमच्या तालुक्यात आणून वसवलं होतं मी. हृदयाच्या स्नायूला तेवढी जागा मिळेना, तो आळंदीला नदीपार ठेवावा लागला.

प्राध्यापक अधूनमधून दारात येऊन उभे राहत. मला फडक्याच्या आतून त्यांचे फक्त बूट दिसत. एकदा त्यांनी विचारलं, “हे काय सोंग आहे?”

“अभ्यास, सर,” मी आतूनच म्हणालो.

बूट जरा वेळ थांबले आणि गेले.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा चिरंजीव धावत आला. या खेपेचे बाहेरचे परीक्षक वयस्कर आहेत, पेटी घेऊन प्रवास करत नाहीत, कॉलेजचीच जुनी पेटी वापरणार, अशी पक्की बातमी त्यानं वडिलांच्या ओळखीतून काढली होती. “काढ ते फडकं,” तो म्हणाला. “कोपरे परत आले. आता तू आणि मी डोळे मिटून पास.”

खरं सांगतो, हे ऐकून मला आनंद झाला नाही, रागच आला. चार महिने फडक्यात उकडून घेतलं आणि आता परत खाली बघू? निघोज्यात ते आडदांड म्हातारं गावाची हेटाळणी सोसत बैलांच्या ढुंगणाकडे बघतंय आणि मी शिंगांचा रंग बघून पास होऊ? मी त्याला सांगितलं, मी फडक्यातच बसणार.

“परीक्षेत?”

“परीक्षेतच.”

“मूर्ख आहेस,” तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. माझी फीमाफी पणाला लागलेली आणि मी फुकटची चालून आलेली गुणांची थाळी परत सारत होतो. पण आमच्या घरात अक्कल आणि हट्ट एका पंगतीला कधी बसलेच नाहीत.

परीक्षेच्या दिवशी मी पंचा काढल्याबरोबर वयस्कर परीक्षकांचा चष्मा नाकावरून घसरला. हे चालणार नाही, ते म्हणाले. मी म्हणालो, नियमांत पंच्याला बंदी असेल तर दाखवा, मी तो घडी करून ठेवतो. नियमांत टोपी, छत्री, पुस्तक सगळं होतं, पंचा नव्हता. तेव्हा आमचे प्राध्यापक शांतपणे म्हणाले, “बसू द्या त्यांना. मी चार महिने त्यांना ह्याच अवतारात बघतोय.” त्यांच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

घंटा झाली. फडक्यात शिरलो. काकवीच्या वाट्या, लिहिलं. घंटा. आड आणि वाटा, लिहिलं. घंटा. गाडा असा पळत होता की मध्ये एकदा माझ्या तोंडून बारीक आवाजात ‘हुर्रर्र’ निघालं आणि शेजारचा पोरगा दचकला. मग पुढच्या यंत्राकडे सरकताना पंच्याचं टोक माझ्याच पायाखाली आलं, फडकं खसकन ओढलं जाऊन खाली पडलं, आणि माझी नजर सरळ काचेवर गेली.

कोपरा तुटलेला होता.

माझी लाडकी काच. इतक्या दिवसांनी. मी खुशीत प्लीहा लिहायला पेन टेकवलं आणि निव्वळ सवयीनं डोळा लावला. आत चाकण होतं.

तट होता, तटाला लागून दाटी होती, मधे मोकळं होतं. मी डोळा काढला, पुन्हा कोपरा बघितला. तुटलेला. पुन्हा डोळा लावला. तटाच्या आतून फिकट पाट सरळ वाहत होता. चिरंजीव माझ्या पुढेच होता, तो ह्याच काचेवरून नुकताच सरकला होता, आणि त्यानं क्षणभरही विचार न करता काय लिहिलं असेल ते मला न बघता ठाऊक होतं. कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या हा कोपरा प्लीहा होता. मोठमोठे सर्जन ह्या कोपऱ्यावर पास झाले होते. आणि त्यांच्याविरुद्ध साक्षीला कोण, तर चार महिने फडक्यात बसलेला निघोज्याचा एक नापास पोरगा. शिपायाचा हात घंटेकडे गेला.

मला धुरळ्यात चमकणारी हिरवी शिंगं दिसली. मी ‘लसिका ग्रंथी’ लिहिलं, इतकं दाबून की पेनचं टोक कागदाच्या आरपार गेलं.

दुपारी तोंडी परीक्षा. वयस्कर परीक्षक पेंगत होते. आमच्या प्राध्यापकांनी माझा कागद पुढे ओढला.

“ही लसिका ग्रंथी कशावरून?”

मी तट, पाट, दाटी असं सांगत सुटलो. मग भानावर येऊन पुस्तकातली नावं घातली.

“काचेचा कोपरा पाहिला होता?”

“पाहिला, सर.”

“मग?”

“कोपरा खोटं बोलत होता.”

त्यांनी मान वर केली नाही. पण टाकात शाई घेताना त्यांची मिशी हलली, हे मी गळ्याची आण घेऊन सांगतो. तो कोपरा कुणी तोडला, ठिपका आणि पट्टी दुसऱ्या काचांवर कुणी नेली, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. माझ्याकडे त्याच्या तीन हकिकती आहेत आणि तिन्ही मी शपथेवर सांगतो. एवढं खरं की त्या खेपेला खुणांवर विसंबलेले सगळे झोपले. चिरंजीव तिसऱ्या खेपेला सुटला आणि पुढे बडा सर्जन झाला. मी मात्र पास झालो. माफी राहिली, कॉलेज राहिलं.

निकाल लागला त्या आठवड्यात तात्यांना घेऊन कॉलेजात गेलो. तात्यांच्या खांद्यावर आमच्या वखारीतल्या कांद्यांची गोणी होती, एकेक कांदा हातानं निवडलेला. व्हरांड्यात पोरं गोळा झाली. सरांच्या दारात तात्यांनी गोणी अशी टाकली की आतली शाईची दौत नाचली.

“सर,” मी म्हणालो, “तुम्ही म्हणाला होता तसे कांदे निवडायला गेलो होतो. एकही थायरॉइड येऊ दिलेला नाही.”

सर खुर्चीवरून उठले. पोरांकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, मग गोणीकडे. गोणी जुनी, कुठून कुठून फिरून आमच्याकडे आलेली, तिच्यावर काळ्या शाईनं एका व्यापाऱ्याचा शिक्का होता. सरांनी चष्मा सारखा केला.

“वा,” ते म्हणाले. “लासलगावचे दिसतायत.”

मी बोलणारच होतो, पण तात्यांनी मला हातानं मागं सारलं. गोणीत हात घालून त्यांनी एक कांदा काढला, धोतरावर पुसला आणि सरांच्या पांढऱ्या कोटासमोर धरला.

“चाकणचा हाय, सायेब,” तात्या अगदी मायेनं म्हणाले. “गोणी नगा बघू. कांदा बघा.”